कातळाच्या शेतांस जोडफळी
(दुष्काळ-निवारण समितीच्या विद्यमानें खारेपाटण येथें भरलेल्या सभेपुढें केलेलें भाषण; समितीच्या विनंतीपत्रासह व अहवालासह छापलें आहे.)



वर्गणीची वही घेऊन आम्ही दारोदार फिरतों तेव्हां पहिला प्रश्न बहुधा एकच येतो : कोंकणांत दुष्काळ कसला? ज्या मुलखांत वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, त्या मुलखांत दुष्काळाच्या नांवानें झोळी फिरविणें म्हणजे भरल्या घरीं भीक मागणें होय, असें एका वडीलधाऱ्या व्यापाऱ्यांनीं आम्हांस स्पष्ट बोलून दाखविलें. त्यांचा आम्हांस राग आला नाहीं. कारण घाटावरचा दुष्काळ डोळ्यांस दिसतो, आमचा दिसत नाहीं. तिकडे जमीन भेगाळते, गुरें छावणीस जातात, पाण्याच्या टांकीपुढें बायकांची रांग लागते. इकडे आश्विनांतहि डोंगर हिरवागार असतो, आणि त्याच डोंगराच्या कुशींत भाताची लोंबी पोचट निघते.

एकंदर पाऊस किती इंच पडला याच्याशीं भातास कर्तव्य नाहीं. मुळाशीं पाणी किती दिवस उभें राहिलें एवढेंच त्यास कळतें. आषाढांत आठ दिवस जें पाणी पडतें तें आमच्या उतारावरून घटका दोन घटकांत ओहोळास, ओहोळांतून नदीस व नदींतून विजयदुर्गच्या खाडीस मिळतें. पुढें भाद्रपदांत पावसानें दहाबारा दिवस ओढ दिली, किंवा हस्त कोरडा गेला, कीं गरवें भात नेमकें फुलोऱ्यावर असतांना करपतें. शंभर इंच पावसाचा गांव त्या बारा दिवसांत दुष्काळी होतो. आणि त्याची दाद कोणत्याहि पर्जन्यमापकांत लागत नाहीं.

त्यांतहि सगळीं शेतें सारखीं करपत नाहींत. मळ्याच्या सपाट कुणग्यांत मेर धड असली तर पाणी टिकतें. मरण ओढवतें तें भरडावर, जेथें जांभ्याचे उंचवटे मातींतून डोकें वर काढतात व जेथें बापजाद्यांनीं जेवढें जमलें तेवढेंच सारखें करून ठेविलें. एकाच कुणग्याच्या एका अंगास रोप गळ्याइतकें बुडालेलें, आणि दुसरें अंग चार बोटें उंच असल्यामुळें उघडें पडलेलें, असा देखावा या पंचक्रोशींत कोणासहि दाखवितां येईल. उंच अंगावर तण माजतें, खोल अंगाचें रोप कुजतें, आणि मधल्या पट्ट्यांत जें पिकेल तें घरीं येतें. खत सगळ्या कुणग्यास घातलेलें असतें, लावणीची मजुरी सगळ्या कुणग्याची दिलेली असते. पीक मात्र मधल्या पट्ट्याचें. आपण व्यापारी मंडळी आहां. निम्मा माल वाटेंत सांडणारी गाडी आपण दुसऱ्या खेपेस भाड्यानें घ्याल काय?

आतां या गांवाविषयीं दोन शब्द. शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट याच गांवीं सांपडला; त्यावर शके ९३०, म्हणजे इ. स. १००८, ही मिति आहे. तेव्हांपासून पुढें कित्येक शतकें हें खाडीवरचें मोठें बंदर होतें. घाटावरचा माल येथें उतरावा व येथून गलबतांत चढावा, अशी रीत होती. पुढें खाडी गाळानें भरत गेली, मोठीं गलबतें येईनाशीं झालीं, आणि पेठ होती तेथेंच राहून व्यापार मात्र निघून गेला. तो गाळ आला कोठून? आकाशांतून तर खास पडला नाहीं. आमच्याच डोंगरउतारावरची, आमच्याच भरडावरची माती दर पावसाळ्यांत खालीं जात होती. व्यापाऱ्यांचें बंदर ज्या मातीनें बुजलें तीच माती शेतकऱ्याच्या शेतांतून कमी झाली होती. शेताची मेर व पेठेचा धक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असें मानण्याची जी आपली पिढीजात संवय आहे, ती आम्हांस तरी या खाडीच्या कांठीं उभें राहिल्यावर मानवत नाहीं.

शेत पुरत नव्हतें म्हणून कोंकणानें मुंबईकडे पाहिलें. गिरणींत राबणाऱ्या मुलाच्या मनिऑर्डरीवर चूल पेटली व रंगूनचा तांदूळ तींत शिजला. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपान्यांच्या हातीं पडला आणि तो तांदूळ बंद झाला, तेव्हां लोकांस नाचणी व कुळीथ पुन्हां आठवले. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, आणि मनिऑर्डरहि आटली. दोन्ही वेळां शेत होतें तेथेंच होतें व तसेंच उंचसखल होतें. आम्ही हें कोणास दोष देण्यासाठीं सांगत नाहीं. बाहेरून येणारा आधार तुटल्यावर घरचें काय उरतें, एवढें मोजण्यासाठीं सांगतों.

दुष्काळांत मदत कशी द्यावी याविषयीं आपल्या प्रांताचा अनुभव जुना व कडू आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं कामावरच्या मजुराचें धान्य दिवसास एका पौंडावर आणलें. त्यावर लोक कामें सोडून निघून गेले, व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. १९७२-७३ च्या दुष्काळांत लोकांस उपाशी मरूं द्यावयाचें नाहीं एवढा निर्धार महाराष्ट्रानें केला ही मोठी गोष्ट झाली. १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें पन्नास लक्ष माणसें सरकारी कामांवर होतीं. परंतु त्यांतल्या कित्येकांनीं काय केलें? रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली. तिचे ढीग पुढें पुष्कळ दिवस तसेच पडून होते, हें त्या काळचे प्रवासी अजून सांगतात. मजुरी मिळाली, जीव वांचले. पण ज्या शेतानें दगा दिला त्या शेतांत एकहि दगड हलला नाहीं. वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांत ज्या प्रयोगास आरंभ केला, व ज्यांतून पुढें १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, त्याचा रोंख याच उणिवेवर होता : मजुरीहि मिळावी व मागें टिकाऊ कांहीं राहावें.

दुसरें उदाहरण आपणां व्यापारी गृहस्थांस अधिक जवळचें वाटेल. विलासराव साळुंके हे पुण्याचे कारखानदार. १९७२ च्या दुष्काळांत पुरंदर तालुक्यांतील हाल त्यांनीं पाहिले व नायगांव येथें देवस्थानची सोळा हेक्टर उताराची, उजाड जमीन दीर्घ मुदतीच्या करारानें घेतली. तेथें त्यांनीं समपातळीचे बांध घातले, जमीन सारखी केली, पाणी अडविलें. पाणी पंचायतीची चळवळ त्या जमिनींतून उभी राहिली. त्यांनीं धान्य वाटलें असतें तर तें एका हंगामांत संपलें असतें.

आमच्या समितीनेंहि आरंभीं धान्यच वाटलें. तें वाटणें अवश्य होतें, आणि पुन्हां वेळ आली तर पुन्हां वाटूं. परंतु त्याच घरच्या त्याच माणसांनीं दुसऱ्या वर्षीं तीच पिशवी पुढें केली, तेव्हां देणाराहि ओशाळला व घेणाराहि. त्यानंतर आम्हीं ठरविलें कीं, निधीचा कांहीं भाग शेत सारखें करण्याच्या मजुरीस लावावा, आणि त्या कामाचें अवजार येथल्या येथें, येथल्या लांकडाचें व येथल्या भंगाराचें करावें.

हें अवजार म्हणजे दोन फळ्यांची चौकट. भातखाचरांत चिखलणीनंतर फिरवितात ती एकेरी फळी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. पण ती मऊ चिखलासाठीं आहे, कोरड्या खडबडीत भरडावर ती नुसती उड्या मारते. दोन फळ्या एकीमागें एक बांधल्या कीं स्वभाव पालटतो. हिचें नांव ‘दुफळी’ ठेवावें असें कोणी सुचविलें होतें, पण गांवांत ती आधींच पुरेशी असल्यामुळें आम्हीं ‘जोडफळी’ म्हणण्याचें ठरविलें.

कल्पना आमची नव्हे. अमेरिकेंतील मिसूरी प्रांतांत मेटलंड नांवाच्या गांवीं डी. वॉर्ड किंग या शेतकऱ्यानें १८९६ च्या सुमारास आपल्या घरापुढचा चिखलाचा रस्ता अशाच साधनानें सारखा केला. त्यानें सातआठ फूट लांब व दहाबारा इंच जाड ओंडका उभा चिरला, दोन्ही अर्ध्या भागांची सपाट बाजू पुढें करून ते अडीच फुटांच्या अंतरानें दांड्यांनीं जोडले, व घोड्यांकडून तिरपे ओढविले. पुढें तो गांवोगांव व्याख्यानें देत फिरला, आणि १९०८ सालीं तेथील सरकारच्या शेतकी खात्यानें त्यावर एक पत्रक काढलें. त्यांत यंत्र म्हणावें असें कांहींच नाहीं, म्हणूनच तें आमच्या कामाचें.

आमच्या कुणग्यांची रुंदी व आमच्या बैलांची ताकद पाहून आम्हीं माप कमी केलें. ऐनाच्या किंवा मोडलेल्या घराच्या तुळईंतून काढलेल्या दोन फळ्या घ्याव्या. प्रत्येक पांच फूट लांब, नऊ इंच उंच, अडीच इंच जाड. त्या कडेवर उभ्या करून एकीमागें एक अडीच फुटांवर ठेवाव्या व तीन आडव्या दांड्यांनीं जोडाव्या. दांडे नुसते खिळ्यांनीं ठोकूं नयेत. वेध पाडून आरपार घालावे, पाचर मारावी, शक्य तर बोल्ट घालावा. मागली फळी पुढलीच्या मानानें एका बाजूस सुमारें सवा फूट सरकलेली असावी, म्हणजे चौकट तिरपी ओढली असतां ती पुढलीच्या बरोबर पाठीमागें येते. पुढल्या फळीच्या खालच्या कडेस लोखंडाची पट्टी हवी. बैलगाडीच्या मोडक्या चाकाची धांव लोहाराकडून सरळ करून घेतली तर तीच उत्तम. नाहींपेक्षां मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेच्या दुरुस्तीच्या दुकानांतून मालमोटारीचा जुना पाटा मिळतो. पट्टी फळीच्या खालीं अर्धा इंचच उतरलेली असावी. मागल्या फळीस पट्टी लावूं नये, कारण तिचें काम खरवडण्याचें नाहीं. पुढलीनें सोडलेली माती तिनें खळग्यांत पसरावयाची आहे.

ही चौकट सारखी करते ती कशी, तें एकदां समजलें कीं चालविणारा आपोआप शहाणा होतो. पुढली फळी उंचवट्यावर आली कीं तो खरवडते. त्या वेळीं मागली फळी अडीच फूट मागें असून चौकटीस तोलून धरते, त्यामुळें पुढली खळग्यांत कोसळत नाहीं. अडीच फुटांहून आंखूड अशा चढउतारांवर ती पुलासारखी उभी राहते. याहून लांब चढउतार मात्र ती नुसती चढून उतरते; तीं मोडण्यास वेगळें साधन लागतें, तें पुढें सांगतों. सांखळी लांब सोडली तर फळी खोल रुतते. आंखूड धरली तर पुढली कड उचलली जाऊन चौकट हलकी चालते. सांखळीचें एक टोंक दुसऱ्याहून आंखूड बांधलें कीं चौकट तिरपी होते व माती एका अंगाकडे सरकत जाते. वजन कमी वाटलें तर दांड्यांवर पाट बसवून त्याच शेतांतले दगड ठेवावे. मुलांस वजन म्हणून बसवूं नये. कौतुकानें पुष्कळ जण बसवितात. चौकट दगडास अडखळली कीं मूल फळीपुढें पडतें.

आतां खडकाळ जमिनीचा जो खरा अडथळा, त्याविषयीं. येथें आमची फजिती झाली ती लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं, कारण आपल्याच पैशानें झाली. पहिली चौकट आम्हीं ओल्या आंब्याची व भरमसाट जाड केली; बैल दहा पावलांवर उभे राहिले. दुसरीची पुढली फळी आम्हीं अगदीं सरळ उभी ठेविली. ती जमिनींत रुतलेल्या जांभ्याच्या टोंकास जाऊन अडली, बैल चालते होते, आणि जूं मोडलें. बैलांच्या मानेस इजा झाली नाहीं ही देवाची कृपा. त्यावरून दोन गोष्टी शिकलों. पुढली फळी किंचित् पुढें कलती बसवावी, वरची कड पुढें व लोखंडाची कड मागें. म्हणजे दगड लागला कीं फळी त्यावर चढून जाते, त्यास शिंगें लावीत नाहीं. दुसरी गोष्ट, सांखळी व जूं यांच्यामध्यें काथ्याच्या दोराचा एक फांस ठेवावा. चौकट अडली तर तो फांस आधीं तुटतो, आणि जूं, फळी व बैल तिन्ही वांचतात. चार हात काथ्याची किंमत ती काय! पॉवर टिलर जोडणारांनींहि हा फांस ठेवावा. यंत्रास मान नसली तरी मोडण्याजोगें पुष्कळ असतें.

तिसरी चूक सर्वांत महाग पडली. एका भरडावर आम्हीं उत्साहाच्या भरांत वरची काळसर माती खरवडून खळग्यांत लोटली व उंच अंगावर खालचा तांबडा मुरूम उघडा टाकला. शेत टेबलासारखें सपाट झालें. पाहणारांनीं वाहवा केली. त्या पावसाळ्यांत खळग्याच्या जागीं भात गर्द वाढलें, आणि खरवडलेल्या अंगावर पिवळें पडून बसलें. जांभ्याचा धर्मच असा आहे. १८०७ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतांत फ्रान्सिस बुकानन यानें मलबारांतील या दगडास ‘लॅटेराइट’ हें नांव लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून दिलें, कारण जमिनींत असतांना तो सुऱ्यानें कापतां येतो आणि उघड्यावर पडल्यावर विटेसारखा टणक होतो. आमच्या चिरेखाणीच्या कामगारास हें बुकाननच्या आधींपासून ठाऊक आहे. आम्ही विसरलों. म्हणून आतां नियम केला आहे कीं, वरची चार-सहा बोटें माती आधीं ओढून मेरेच्या कडेस रास करून ठेवावी, मग खालची जमीन सारखी करावी, आणि तीच माती पुन्हां सगळीकडे पसरावी. काम दुप्पट होतें हें खरें. ज्यास तेवढें करवत नसेल त्यानें एका वर्षांत थोडकेंच खरवडावें, शेणखत व पालापाचोळा त्या अंगास अधिक घालावा, आणि उरलेलें पुढल्या वर्षीं. ज्या शेतकऱ्याचें तें भरड होतें त्यास त्या वर्षींची तूट समितीनें भरून दिली आहे, व ती रक्कम हिशेबांत वेगळी दाखविली आहे.

कामाचा क्रम असा ठरला आहे. भात कापल्यावर जमिनींत ओल असतांनाच सुटे दगड वेंचावे. पहारीनें हलतील ते उपटावे, कडेस न्यावे व त्यांचा गडगा घालावा. उतारावरचा गडगा हीच पुढें मेरेची पाठराखण होते. दगड खळग्यांत पुरून वर माती लोटण्याचा मोह होतो, तो टाळावा. नांगराचा फाळ त्यांस दुसऱ्याच वर्षीं शोधून काढतो. जे हलत नाहींत व मूळ कातळाचेच अंग आहेत, त्यांच्याशीं झुंजूं नये. त्यांच्याभोंवतीं वळसा घालून लहान कुणगे पाडावे. कोंकणांत मोठें शेत हें भूषण नाहीं, पाणी धरणारें शेत हें भूषण आहे. पंजाबांत व हरियाणांत किरणांच्या यंत्रानें एकेक मोठें शेत बोटभर फरकाइतकें सपाट करितात असें आपण ऐकतां. तें यंत्र आमच्या कुणग्यांत वळावयाचें म्हटलें तरी शेजारच्या दोन कुणग्यांत शिरेल.

पातळी पाहण्यास गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरे. दोन खुंट्या, त्यांवर खूण, आणि नळी. त्याहूनहि स्वस्त व निर्दोष पातळी म्हणजे मृगाचें पहिलें साचलेलें पाणी : तें जेथें उभें राहतें तेथें काठी रोवावी, जेथें राहत नाहीं तेथें दुसरी रोवावी, आणि पुढल्या उन्हाळ्यांत कोणास विचारावें लागत नाहीं. जमीन एकदां नांगरून भुसभुशीत केल्यावर जोडफळी एकदां उभी, एकदां आडवी व एकदां कोंपऱ्यापासून कोंपऱ्यापर्यंत फिरवावी. माती मुठींत धरली असतां गोळा व्हावा, पण हातास चिकटूं नये, अशी ओल असतांनाच हें करावें. कडक उन्हाळ्यांत नुसती धूळ उडते. पावसाळ्यांत फळी मातीनें माखून ओंडका होते. भातकापणीनंतरचे थोडे दिवस व वळवाच्या सरींनंतरचे थोडे दिवस, एवढेच दोन काळ हातीं आहेत.

लांबवर माती न्यावयाची असेल तेथें जोडफळी उपयोगी नाहीं. त्यासाठीं घाटावरची केणी आणावी. रुंद फळी, तिला मागें मूठ, पुढें बैल. माणूस मूठ दाबून माती भरतो, हवी तेथें उचलून सोडतो. देशावर हें अवजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. आपल्याकडे तें घाट उतरून फारसें आलें नाहीं. तीनहि मोसमांत भराव दबतो, म्हणून खळगा बोटभर उंचच भरावा, आणि दुसऱ्या वर्षीं जोडफळी पुन्हां फिरवावी.

हिशेबी गृहस्थांसाठीं एक हिशेब सांगतों. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. उंच अर्ध्या भागावरची तीन इंच माती खोल अर्ध्या भागावर टाकावयाची असें धरा. हलवावयाची माती १३६ घनफूट होते. म्हणजे जवळजवळ दीड ब्रास. घमेल्यांत पाव घनफूट माती बसते असें मानलें तर एका गुंठ्यास सुमारें साडेपांचशें खेपा. एकरास बावीस हजार! ज्या घरीं करता पुरुष मुंबईस आहे, सासरा थकलेला आहे, आणि एकटी सून भरड राखते आहे, त्या घरानें हें डोक्यावरून वाहावें असें आपण म्हणाल काय? शेतें उंचसखल राहिलीं तीं आळसानें राहिलीं नाहींत. हें गणित सुटत नव्हतें म्हणून राहिलीं. बैलजोडी व जोडफळी असली तर त्याच गुंठ्याचें काम माणसाच्या डोक्यावरून उतरून चौकटीवर जातें.

आतां जमीनधारक गृहस्थांस एक अवघड गोष्ट बोलावयाची आहे, ती रागावल्याशिवाय ऐकून घ्यावी. आम्ही ज्या शेतांची यादी केली, त्यांतलीं बरींच शेतें कसणाराचीं नव्हत. मालक मुंबईस किंवा ठाण्यास असतात, सातबाऱ्यावर सात-आठ हिस्सेदार असतात, आणि जमीन शेजारचें कुटुंब अर्धेलीनें तोंडी बोलीवर करितें. अशा माणसास आम्हीं दगड वेंचण्यास सांगितलें तेव्हां त्यानें विचारलें, “सारखें करून दिलें आणि पुढल्या वर्षीं काढून घेतलें तर?” या प्रश्नास उत्तर नव्हतें. पूर्वीं खोती होती तेव्हां हीच भीति होती; डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें, व १९४९ च्या कायद्यानें ती गेली. खोती गेली, पण सुधारलेल्या शेताचें फळ आपणांस मिळेल हा भरंवसा कसणारास अजून आलेला नाहीं.

दुसऱ्या बाजूची भीतीहि आम्हांस ठाऊक आहे. १९४८ च्या कुळकायद्याची आठवण घरोघर आहे. कागद करून दिला कीं कूळ लागेल, म्हणून मालक कागदच करीत नाहीं, आणि कागद नाहीं म्हणून कसणारा दगड हलवीत नाहीं. दोघांच्याहि भीतीस आधार आहे, आणि दोघांच्या मध्यें शेत पडीक पडतें. तेव्हां आमची सूचना अशी : वकिलाच्या सल्ल्यानें असा एक साधा लेख तयार करावा कीं, ज्यांत मालकाचा हक्क अबाधित राहील, पण सारखें केलेलें शेत दहा पावसाळे त्याच कुटुंबाकडे राहील, व त्यापूर्वीं काढून घ्यावयाचें झाल्यास केलेल्या कामाची मजुरी त्यास रोख द्यावी लागेल. समिती साक्षीदार म्हणून सही करील. ज्या शेतास असा लेख होणार नाहीं, त्या शेतावर निधीचा पैसा खर्च करावयाचा नाहीं असें आम्हीं ठरविलें आहे. यामुळें कांहीं जुने स्नेही नाराज झाले. परंतु दात्यांचा पैसा दुसऱ्याच्या जमिनीची किंमत वाढविण्यास लावण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिलेला नाहीं.

व्यापारी बंधूंकडे आमचें मागणें रोख रकमेपुरतें नाहीं. जुन्या वखारी व घरें मोडतांना निघालेल्या तुळया द्या. गाडीच्या धांवा, पाटे, सांखळ्या, बोल्ट जें भंगारांत जाणार तें आमच्याकडे येऊं द्या. ज्यांच्याकडे बैलजोडी किंवा पॉवर टिलर आहे त्यांनीं वर्षांतले चार दिवस लिहून द्यावे. जो शेतकरी या कामावर आला त्याच्या दुकानच्या बाकीचा तगादा तेवढ्या हंगामापुरता थांबवावा. तीहि देणगीच होय, व वहींत तशी मांडूं. रोख रक्कम मुख्यतः मजुरीस लागेल. कामावरच्या स्त्रीस व पुरुषास एकच दर दिला जातो, कारण दगड उचलणाराकडे पाहून आपलें वजन बदलीत नाहीं. चार बैलजोड्या एकाच आठवड्यांत मिळाल्या तर ओल आहे तोंवर काम उरकतें. त्याच चार एकामागून एक महिनाभर आल्या तर निम्मी ओल वाळून जाते. म्हणून जें द्यावयाचें तें एका वेळीं देण्याचा संकल्प करावा. जमिनीच्या प्रतीविषयीं कोणास शंका असेल तर फोंडाघाट येथें कृषि संशोधन केंद्र जवळच आहे. मातीचा नमुना घेऊन तेथें विचारावें, आमच्यावर विसंबूं नये. आम्ही सुतार-लोहारांचे शिष्य आहों, कृषिशास्त्री नव्हे.

लांकूड व लोखंड वळवाच्या सरींपूर्वीं समितीच्या सभासदांकडे पोंचतें व्हावें, म्हणजे सुतारास वेध पाडण्यास व लोहारास धांव सरळ करण्यास सवड मिळेल. पहिली सर पडून ओल बसली कीं दुसऱ्याच दिवशीं सकाळीं पेठेच्या वरच्या अंगाच्या भरडावर जोडफळी चालवून दाखविली जाईल. ज्यांस पाहण्याची इच्छा असेल त्यांनीं अवश्य यावें, आणि येतांना जाड वहाणा घालाव्या. तें भरड अद्याप सारखें झालेलें नाहीं.